फूटपाथची कड

शहरे कोणी घडविली, असे विचारले की आपण राजांची नावे सांगतो. फार तर एखाद्या इंजिनिअरचे. फूटपाथच्या कडेला उतार करावयास लावणारा कोणी त्या यादीत सहसा नसतो. म्हणून आज आम्ही कॅलिफोर्नियातील एका तरुणाची हकीकत घेतली आहे.

एड रॉबर्ट्सचा जन्म १९३९ चा. चौदाव्या वर्षी, १९५३ साली, त्याला पोलिओ झाला. साल्कची लस यावयास अजून दोन वर्षे होती! मानेखालचे अंग जवळजवळ गेले. श्वासासाठी लोखंडी फुफ्फुसाच्या पेटीत पडून राहणे आले. इंग्रजीत अशा निश्चल माणसाला ‘भाजी’ म्हणतात, आणि डॉक्टरांनी त्याच्या आईला तेच भविष्य ऐकविले. पोराने अन्न सोडले. खास नेमलेली शेवटची परिचारिका निघून गेली, तेव्हा मात्र मरणे आपल्या हाती आहे तसे जगणेही आहे, हे त्याला उमगले व तो जेवू लागला. भाजीच व्हायचे तर आपण आर्टिचोक होऊ, बाहेरून काटेरी नि आतून कोवळे, असे तो पुढे हसत सांगे.

शाळा टेलिफोनवरून चालली होती. आईच्या आग्रहाने तो प्रत्यक्ष वर्गात गेला, तेव्हा साऱ्यांच्या नजरा त्याच्यावर खिळल्या. त्याला याचीच धास्ती होती. पण नजरेने काही दुखले नाही. उलट आपण कोणी नामांकित नट आहोत असे वाटले! आमच्या मते त्याच्या पुढील साऱ्या उद्योगाचे मूळ या प्रसंगात आहे. लाज गेली, की माणूस दया मागत नाही, वाट मागतो.

वाट सोपी नव्हती. व्यायाम आणि मोटार चालविणे हे विषय झाले नाहीत म्हणून शाळा प्रमाणपत्र अडवू लागली. आई झोनाबाई त्यासाठी झगडल्या. सरकारी पुनर्वसन खात्याने ‘हा कधी नोकरी करणार नाही’ म्हणून मदत नाकारली; वर्तमानपत्रांत बोभाटा झाल्यावर दिली. १९६२ साली बर्कलेच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला, पण ती अवजड पेटी वसतिगृहात राहीना, म्हणून त्याची खोली विद्यापीठाच्या रुग्णालयात. हळूहळू तेथे त्याच्यासारखे आणखी विद्यार्थी जमले. विजेच्या खुर्च्या आल्या आणि मंडळी बाहेर पडू लागली. मग कळले, की पायांपेक्षा फूटपाथची कड जास्त अडवते. चार-सहा इंचांचीच, पण खुर्चीला भिंतच ती! ही मंडळी नगरपालिकेकडे गेली, आणि १९७१ साली तिने मुख्य बाजारपेठांत उतार करण्याचे ठरविले. पुढे त्यांवरून बाबागाड्या आणि हमालांच्या हातगाड्याही सुखाने जाऊ लागल्या.

१९७५ साली त्याच पुनर्वसन खात्याचा संचालक म्हणून रॉबर्ट्सची नेमणूक झाली. नियतीलाही विनोद कळतो!

तो १९९५ मध्ये वारला. त्याच वर्षी आपल्या संसदेने अपंगांसाठी कायदा केला. त्यात फूटपाथला उतार देण्याचे कलम होते, मात्र ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ या शब्दांसह. २०१६ च्या नव्या कायद्याने सार्वजनिक इमारतींना, नियम निघाल्यापासून, पाच वर्षांची मुदत घातली. ती मुदत २०२२ मध्ये संपली.