श्वान, शेजारी आणि सरकार

शेजाऱ्याचें कुत्रें रात्रभर भुंकूं लागलें म्हणजे एरव्ही शांत असणाऱ्या गृहस्थाच्या मनांत जे विचार येतात, ते सारेच सुसंस्कृत असतात असें आम्हांस म्हणवत नाहीं. घरांत कोणी आजारी असतें, कोणाची परीक्षा जवळ आलेली असते. आणि भिंतीपलीकडे तें मुकें जनावर आपलें मुकेपण खोटें ठरवीत असतें. अशा वेळीं पहिला विचार येतो तो कुत्र्याचा बंदोबस्त करण्याचा, दुसरा येतो सरकारांत अर्ज करण्याचा. शेजाऱ्याशीं चार शब्द बोलण्याचा विचार बहुधा अखेरीस येतो. हा क्रम उलटा आहे, असें इतिहासाच्या आधारें दाखविण्याचा आमचा हेतु आहे.

कुत्र्यासंबंधाची फिर्याद आपल्याकडे फार जुनी आहे. महाभारताच्या आदिपर्वांत, पौष्यपर्वाच्या आरंभीं, जनमेजयाच्या सत्रांत आलेल्या एका कुत्र्याच्या पिल्लास राजाचे भाऊ मारतात. तें रडत आपल्या आईकडे, सरमेकडे, जातें. हविर्द्रव्याकडे मीं पाहिलें नाहीं, तें चाटलें नाहीं, असें तें सांगतें. सरमा राजसभेंत येऊन अपराधाशिवाय मार कां, असा प्रश्न करते. तिला कोणीही उत्तर देत नाहीं. तेव्हां तुम्हांवर अदृश्य भय येईल, असा ती शाप देते. याच ग्रंथाच्या शेवटीं युधिष्ठिर कुत्र्यास सोडून स्वर्गांत जाण्याचें नाकारतो, हें सर्वांच्या ध्यानांत आहे. आरंभींची ही फिर्याद मात्र आपण विसरतों. अपराध कोणाचा हें न पाहतां दंड करणाऱ्यावर भय उलटतें, हा तिचा मथितार्थ होय.

या कथेचें प्रत्यंतर मुंबई शहरास १८३२ सालीं आलें. मोकाट कुत्र्यांचा उपद्रव त्या वेळीं खरा होता. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर तेव्हां औषध नव्हतें. पाश्चरची लस निघण्यास अजून अर्धशतकाहून अधिक अवकाश होता. म्हणून १८१३ सालापासून उन्हाळ्याच्या दिवसांत मोकाट कुत्रीं मारण्याची परवानगी कायद्यानें दिलेली होती. १८३२ त ही मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढविण्यांत आली, व मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागें आठ आणे बक्षीस मिळूं लागलें. जेथें जिवावर मोल लागतें तेथें विवेक टिकत नाहीं. मालकाचें कुत्रें कोणतें आणि मोकाट कोणतें हा भेद आठ आण्यांच्या लोभापुढें उरला नाहीं, आणि राखलेलीं कुत्रींही मारलीं जात असल्याची ओरड झाली.

ता. ६ जून हा पारशी लोकांचा एक पवित्र दिवस होता. त्या दिवशीं कुत्रीं मारीत असलेल्या पोलिसांवर पारश्यांचा जमाव चालून गेला. दुसऱ्या दिवशीं शहरांत हरताळ पडला. दुकानें बंद झालीं आणि किल्ल्यांत व कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीकडे जाणारी अन्नसामग्री अडविण्यांत आली. या दिवशीं पारश्यांच्या जोडीस हिंदु, जैन व कांहीं मुसलमानही होते. अखेर लष्कर बोलवावें लागलें आणि धरपकड होऊन दंगा मोडला.

पारशी समाजास हें इतकें कां लागलें, हें समजण्यास त्यांच्या धर्माकडे पाहिलें पाहिजे. वेंदिदाद या त्यांच्या ग्रंथांत एक संपूर्ण प्रकरण मुख्यतः कुत्र्याविषयीं आहे. मेंढपाळाचें कुत्रें, घर राखणारें कुत्रें असे त्यांत भेद केलेले असून त्यांस वाईट अन्न घालणें हाही अपराध मानला आहे. मृताच्या देहावर कुत्र्याची दृष्टि पाडण्याचा सगदीद नांवाचा संस्कार त्यांच्यांत आहे. ज्या प्राण्याची नजर अंत्यसंस्कारांत लागते तोच प्राणी बक्षिसाच्या आशेनें दारांत ठेंचला जावा, आणि तोही पवित्र दिवशीं, हें कोण सहन करील? जैनांस अहिंसेमुळें तें असह्य झालें. ज्या सरकारास कुत्रें म्हणजे केवळ रस्त्यावरील घाण वाटत होती, त्यास हें आधीं कोणास विचारावें असें वाटलें नाहीं, हाच त्याचा मुख्य दोष.

दंगा शमल्यावर जें घडलें तें आम्हांस अधिक बोधप्रद वाटतें. जमशेटजी जीजीभाई यांच्यासारख्या प्रतिष्ठित शेट्यांनीं मध्यस्थी केली आणि कुत्रीं मारण्याऐवजीं शहराबाहेर नेऊन ठेवण्याचा विचार पुढें आला. पुढें १८३४ सालीं जमशेटजी व मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकारानें मुंबईचा पांजरापोळ स्थापन झाला. उपद्रव खरा आणि भावनाही खरी, असें दोन्हीं बाजूंनीं कबूल होतांच लाठी व दगड यांच्या पलीकडची एक वाट सांपडली.

त्यानंतर कायद्याची दृष्टि हळूहळू पालटत गेली. १८६० च्या दंडसंहितेनें सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या केली व जनावर निष्काळजीपणें बाळगणाऱ्या मालकास जबाबदार धरलें. १ जुलै २०२४ पासून तिची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेंतही हीं तत्त्वें कायम आहेत. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानें तर आमच्या विषयाच्या मर्मावरच बोट ठेविलें: नेहमीं साखळीनें बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्यास योग्य व्यायाम न देणें ही क्रूरता होय, असें त्यांत म्हटलें आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं निवासी भागांत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ठरविली. मोकाट कुत्र्यांविषयीं २००१ चे व त्यांच्या जागीं आलेले २०२३ चे नियम हत्येऐवजीं निर्बीजीकरणाचा व लसीचा मार्ग सांगतात. १८३२ सालीं अपराधी कुत्रें होतें. आतां जाब मालकास व नगरपालिकेस द्यावा लागतो.

शेजारच्या कुत्र्याकडे आतां या दृष्टीनें पहावें. सतत भुंकणारें कुत्रें बहुधा एकटें, बांधलेलें, कंटाळलेलें किंवा भ्यालेलें असतें. मालक दिवसभर कामावर गेलेला असल्यानें त्यास हें भुंकणें ठाऊकच नसतें, हेंही पुष्कळदां घडतें. म्हणून पहिली भेट फिर्यादीची नव्हे, वर्दीची असावी: कोणत्या वेळीं, किती वेळ भुंकतें, याची टिपणी करून ती शांतपणें मालकापुढें ठेवावी. त्यास सकाळ-संध्याकाळ फिरवून आणा, दारांतून आंत घ्या, पशुवैद्यास दाखवा, असें सुचवावें. उपयोग न झाल्यास वाड्यांतील वडीलधाऱ्यांस किंवा गृहसंस्थेच्या मंडळास मध्यें घालावें. तेंही निष्फळ झाल्यास नगरपालिका, पोलीस व न्यायालय हीं आहेतच, आणि तेव्हां ती टिपणी हाच पुरावा होतो. विष घालणें किंवा दगड मारणें हा मात्र अन्याय तर आहेच, शिवाय गुन्हाही आहे.

झोंप हा माणसाचा हक्क आहे, आणि तो मागण्यांत संकोच कसला? परंतु कुत्र्याचा मालक हा तक्रारीचा विषय होण्याआधीं आपला शेजारी असतो. मुंबईच्या सरकारनें ही गोष्ट जाणून १८३२ च्या मे महिन्यांतच चार शेट्यांस बोलावून विचारलें असतें, तर जूनमध्यें पलटण बोलवावी लागली नसती. सरमेच्या प्रश्नास सभेनें उत्तर दिलें असतें, तर शापाचेंही कारण उरलें नसतें.