न्यायासनाची कुळकथा : यरुशलेमपासून पेण-अष्टमीपर्यंत

प्राचीन इस्राएलात राजाचे सिंहासन हे मुख्यतः निवाड्याचे आसन होते. म्हणूनच शलमोन राजाने इ.स.पू. दहाव्या शतकात यरुशलेमात बांधलेल्या वाड्याचे वर्णन करताना बायबलातील ‘राजे’ या ग्रंथाने सिंहासनाच्या दालनालाच न्यायाचे दालन म्हटले आहे. त्या दालनाला देवदाराच्या फळ्यांचे अस्तर होते, तर सोन्याने मढवलेल्या हस्तिदंती सिंहासनाला सहा पायऱ्या आणि त्यांवर बारा सिंह होते. या वैभवाला आधार ग्रंथाचाच, उत्खननाचा नव्हे.

त्याहून जुने न्यायस्थान म्हणजे नगराची वेस. तेथे वडीलधारे बसून जमिनीचे, वारशाचे व विवाहाचे तंटे मिटवीत. इस्राएलातील तेल दान येथील उत्खननात वेशीलगत दगडी बाक आणि छत असलेल्या आसनाचा चौथरा सापडला आहे. मात्र राजसत्ता बळावल्यावर वेशीतला न्यायही सुरक्षित राहिला नाही. बायबलातील कथेनुसार इस्राएलच्या अहाब राजाला नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा हवा होता. तेव्हा राणी ईजबेलने राजाची मोहोर लावलेली पत्रे वडीलधाऱ्यांना पाठवली, खोटे साक्षीदार उभे राहिले आणि नाबोथ दगडांनी मारला गेला. राजाला त्याबद्दल तोंडावर जाब विचारणारा संदेष्टा एलीया हाच कोकणातील बेने इस्राएल या यहुदी समाजाचा ‘एलियाहू हन्नबी’ होय.

नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश सुरू झाला, असे मानणारा हा तेल गाळणारा समाज शनिवारी घाणा बंद ठेवीत असल्याने ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखला गेला, आणि पेणकर, रोहेकर, अष्टमकर ही आडनावे त्याने गावांवरून घेतली. पेणला १८६३ मध्ये आणि रोह्यासमोर कुंडलिकेपलीकडे असलेल्या अष्टमीत १८८२ मध्ये सिनेगॉग उभे राहिले. बेने इस्राएलांच्या सिनेगॉगात सुंतेच्या विधीसाठी एलियाहूची खुर्ची असते, कारण देवाशी झालेल्या कराराचा तो साक्षीदार मानला जातो. नवस फेडताना पोहे, गूळ, खोबरे व फळे यांचा मलिदाही त्याच्याच नावाने होतो. ज्यांना राजा उरला नाही, त्यांनी राजाला अडवणाऱ्याचे आसन जपावे, हा योगायोग असला तरी दुर्लक्षिण्याजोगा नाही.

प्रत्यक्ष निवाडा मात्र त्या खुर्चीवरून होत नसे. तो मुकादम म्हणजे समाजाचा प्रमुख, त्याचा साहाय्यक चौगुला, धार्मिक विधी सांभाळणारा काजी आणि काही वडीलधारे मिळून करीत, व दोषी ठरणाऱ्यास दंड किंवा बहिष्कार सोसावा लागे. ही पदे शेजारच्या मराठा आणि मुसलमान गावगाड्यातून आलेली असल्यामुळे या न्यायसभेला यरुशलेमच्या वेशीचा अखंड वारसा म्हणणे योग्य नाही. वेशीतल्या वडीलधाऱ्यांशी तिचे साम्य दिसत असले, तरी ती कोकणी ग्रामसंस्थाच होती.