श्वास मोजणाऱ्या सुईणी

पावसाळा लागला की घरोघरी लेकरांचा खोकला सुरू होतो. नाक गळतं, अंग तापतं, चार दिवसांत उतरतं आणि महिनाभरात पुन्हा तेच. आपल्या आज्यांच्या वेळीही असंच होतं. पण तेव्हा त्यातलंच एखादं लेकरू बघता बघता हातचं जायचं. कुणी म्हणायचं डबा झाला, कुणी म्हणायचं नजर लागली. पोटावर चटके दिले जायचे. साधा खोकला कोणता आणि जीवघेणा कोणता, हे आईला सांगणारं कुणी नव्हतं.

त्याचं उत्तर श्वासात सापडलं. पापुआ न्यू गिनी या दूरच्या डोंगराळ देशात डॉ. फ्रँक शान लहान मुलांवर उपचार करत. न्यूमोनिया झालेलं मूल भरभर श्वास घेतं, तेव्हा नुसते श्वास मोजूनही आजार ओळखता येतो, हे त्यांनी १९८४ साली मांडलं.

आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं हे काम गावातल्या माणसांच्या हाती दिलं. १९८८ च्या सुमारास ५८ गावांत आरोग्य कार्यकर्ते आणि सुईणी न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकल्या. आयांनाही खुणा समजावल्या. शेजारच्या ४४ गावांत हे काम नव्हतं. तिथं हजार बालकांमागे न्यूमोनियानं १७.५ मृत्यू होत होते. या गावांत ते ८.१ वर आले.

पण बऱ्याच सुईणींना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हतं. मग त्यांच्यासाठी एक साधन बनलं : एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. अक्षरओळख नसलेल्या बाईनं असं निदान केलं आणि लेकरं वाचवली.

आज आपल्या आशाताईही श्वास मोजतात. आपणही शिकू या. मूल शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, अंगातलं झबलं वर करून पूर्ण एक मिनिट पोट बघायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त श्वास भरले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, मूल पीत नसेल, निपचित पडलं असेल, तर मोजत बसायचं नाही, लगेच निघायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप आला तरी थांबायचं नाही.

आणि श्वास ठीक असेल, मूल खेळत-पीत असेल, तर दर खोकल्याला इंजेक्शनचा आग्रह धरायला नको. अंगावरचं दूध चालू ठेवायचं, चुलीच्या धुरापासून लेकरू लांब ठेवायचं. खोकला दोन आठवड्यांवर लांबला, तर मात्र दाखवून घ्यायचं.

गटाच्या पुढच्या बैठकीला घड्याळ घेऊन या. मांडीवरच्या लेकरांचे श्वास आपण सगळ्याजणी मिळून मोजू.