रिले : एका बडतर्फ यंत्राची हकीगत

कारखान्यात मोटर चालू करणारे बटण दाबले की भिंतीवरच्या पेटीत 'खट्' असा आवाज होतो, तो पुष्कळांनी ऐकला असेल. आत तारेचे वेटोळे असते. त्यात थोडी वीज गेली की ते चुंबक बनते, लोखंडी पट्टी ओढून घेते, आणि पट्टीवरचे पॉइंट जुळून मोठ्या विजेला वाट मिळते. लहान विजेच्या हुकमाने मोठ्या विजेचे दार उघडणारे हे साधन म्हणजे रिले. अमेरिकेत जोसेफ हेन्री यांनी १८३५ च्या सुमारास ते सिद्ध केले आणि तारायंत्राने देशोदेशी नेले.

हे साधन हिशेबही करू शकते, हे उमगावयास शंभर वर्षे लागली. पट्टी एक तर जुळलेली असते, नाही तर सुटलेली. एकवीस वर्षांच्या क्लॉड शॅनन यांनी १९३७ साली आपल्या प्रबंधात दाखवून दिले की, 'होय' आणि 'नाही' यांचे सारे तर्कशास्त्र अशा पट्ट्यांतून चालविता येते. १९४१ साली बर्लिनमध्ये कोनराड त्सूझे यांनी दोन हजारांवर रिले जोडून झेड-३ हे गणकयंत्र उभे केले. १९४३ च्या बॉम्बवर्षावात ते नष्ट झाले. १९४७ च्या सप्टेंबरात हार्वर्डच्या मार्क-२ यंत्रातील एका रिलेत पतंग अडकलेला सापडला, तो नोंदवहीत चिकटवून ठेवण्यात आला. मौज अशी की, त्याच वर्षीच्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला, आणि हिशेबाच्या कामावरून रिलेची पुढे बडतर्फी झाली. आरोप दोन : हलावयास वेळ लागतो, आणि पॉइंट झिजतात. काढून टाकलेल्याची बाजू घेण्याची माझी जुनी सवय आहे. पण दोन्ही आरोप खरे होते.

तथापि नव्या गड्यातही खोट निघाली. ट्रान्झिस्टर बंद केला तरी त्यातून थोडी वीज झिरपतेच. खोलीच्या तापमानाला हा झिरपा दहापट कमी करावयाचा तर निदान ६० सहस्रांश व्होल्ट खर्ची घालावे लागतात. ही मर्यादा कारागिराची नव्हे, उष्णतेच्या नियमांची आहे. चाळीतला एक नळ ठिबकला तर कोणी पाहात नाही. पण सिलिकॉनच्या नखाएवढ्या तुकड्यावर अब्जावधी नळ ठिबकू लागले तेव्हा टाकीची काळजी सुरू झाली. रिलेच्या सुटलेल्या पॉइंटांमध्ये चक्क हवा असते.

म्हणून जुन्या गड्याची आठवण झाली. परंतु वेटोळे आणि लोखंड घेऊन तो तिथे मावणार कसा? चुंबक लहान करीत गेले की त्याची ओढ झपाट्याने घटते. येथे स्थितिविद्युत कामी आली. कोरड्या केसांतून फिरविलेली फणी कागदाचे कपटे ओढते, तीच ही शक्ती. व्होल्टेजच्या वर्गाने ती वाढते, अंतराच्या वर्गाने घटते. सबब अंतर केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाइतके असले की तिला जोर येतो. वेस्टिंगहाउसच्या हार्वे नेथनसन यांनी १९६५ साली सोन्याची सूक्ष्म पट्टी याच ओढीने सिलिकॉनवर कंपित करून दाखविली. आयबीएमचे कर्ट पीटर्सन यांनी १९७९ साली सिलिकॉनवर घडविलेल्या पापुद्र्याच्या स्विचांचे वर्णन प्रसिद्ध केले.

रचना अशी असते. वर अधांतरी पट्टी, खाली बसकी पट्टी. दोहोंमध्ये व्होल्टेज दिले की वरची वाकते, आणि तिचा ताठरपणा स्प्रिंगसारखा तिला मागे खेचतो. मूळ अंतराचा तिसरा हिस्सा ओलांडला की स्प्रिंग हरते व पट्टी एकदम खाली येते. दोन्ही पट्ट्या अंगभर भिडू नयेत म्हणून मध्ये लहानसा उंचवटा ठेवतात. तोच टेकतो, तोच पॉइंट. जवळ आलेल्या पट्टीला थोडी ओढही धरून ठेवते, म्हणून सोडविताना व्होल्टेज पुष्कळ खाली आणावे लागते.

खरी पंचाईत या टेकण्यात आहे. एवढ्या लहान मापात धातू धातूला नुसत्या स्पर्शाने चिकटतो. स्प्रिंग कडक केली तर पट्टी सुटते, पण ओढावयास व्होल्टेज जास्त. नरम केली तर थोडक्यात मिटते, पण सुटत नाही.

बर्कली येथे त्सू-जे किंग ल्यू आणि त्यांचे सहकारी यांनी मंदपणावर नामी तोड काढली. पट्टी हलावयास लागणारा वेळ विजेच्या प्रवासाच्या कैक पट असतो. मग एकामागून एक रिले हलविण्यापेक्षा सगळे एकदम हलवावेत, आणि तयार झालेल्या वाटेने वीज एका दमात जावी. (हा उपाय आमच्या युनियनवाल्यांना समजावून सांगावा लागणार नाही!) विजेला थोडा अडथळा झाला तरी चालत असल्यामुळे मऊ सोन्याऐवजी टंगस्टनचा कठीण पॉइंटही वापरता आला. २०१० साली अशी मंडले प्रत्यक्ष चालवून दाखविण्यात आली.

ट्रान्झिस्टरची जागा मात्र रिलेने घेतलेली नाही. अ‍ॅनालॉग डिव्हायसेस कंपनीने २०१६ साली बाजारात आणलेल्या सूक्ष्म स्विचला ग्वाही आहे एक अब्ज खेपांची. संगणकातला ट्रान्झिस्टर तेवढ्या खेपा एका सेकंदात उरकू शकतो. म्हणून हे स्विच बिनतारी संदेशांची आणि चाचणीची यंत्रे यांत बसतात, जिथे खेपा थोड्या पण पॉइंट स्वच्छ जुळावा व स्वच्छ सुटावा लागतो. दुसरी जागा भट्टीजवळची. क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात २०१० साली सिलिकॉन कार्बाइडच्या पट्ट्यांनी ५०० अंश सेल्सिअसला 'होय-नाही'चे काम करून दाखविले. त्या आचेत साध्या सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरला चालू आणि बंद यांतला फरकच उरत नाही.