मोटारीचं पाणी

कोल्हापूरचा दसरा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना मेबॅक गाडीची ओळख करून द्यायला नको. विजयादशमीच्या संध्याकाळी छत्रपती घराण्यातली मंडळी दसरा चौकात सीमोल्लंघनाला येतात, ती या जुन्या जर्मन गाडीतून. राजाराम महाराजांच्या राजवटीतली, म्हणजे १९२२ ते १९४० या काळातली ही गाडी. गर्दी गाडीत कोण बसलंय ते पाहते, हौशी लोक चाकं आणि दिवे पाहतात. पण गाडीची खरी परीक्षा चाललेली असते ती तिच्या नाकाशी. मोटारीला भरधाव पळणं तितकं जड जात नाही, जितकं मिरवणुकीत मुंगीच्या पावलांनी चालणं जातं. पळत्या गाडीला समोरून वारा मिळतो. मिरवणुकीत तो मिळत नाही आणि इंजिन मात्र तापतच राहतं. अशा वेळी गाडीची अब्रू राखतो तो रेडिएटर.

आता गंमत अशी, की आज मोटारींत जो रेडिएटर बसतो त्याचा मूळपुरुष ज्यानं घडवला, त्याचं आडनावही मेबॅकच. जर्मन उच्चार मायबाख. कोल्हापूरनं त्याचं मेबॅक केलं. विल्हेल्म मायबाख १८४६ साली जन्मला. दहाव्या वर्षी पोरका झाला, रॉयटलिंगनच्या एका अनाथाश्रमात वाढला आणि तिथल्याच कारखान्यात हत्यारं धरायला शिकला. गॉटलिब डाइमलरनं त्याला तिथं हेरलं. पुढे दोघांनी मिळून जे केलं त्याला जग मोटारगाडीचा जन्म म्हणतं.

पण जन्मताच या लेकराला ताप होता. इंजिनात पेट्रोलचा भडका उडतो तेव्हा आतलं तापमान क्षणभर दोन हजार अंशांच्या घरात जातं. त्या उष्णतेचा एक वाटा चाकं फिरवतो, एक धुराड्यातून निघून जातो आणि साधारण तेवढाच इंजिनाच्या भिंतींत मुरतो. तो काढून नेला नाही तर पिस्टन फुगून सिलिंडरमध्ये अडकणार. कार्ल बेंझच्या १८८६ च्या तीनचाकीत यावर उपाय होता तो अगदी आपल्या चुलीवरच्या हंड्याचा. सिलिंडरभोवती पाणी ठेवायचं, ते उकळू द्यायचं, वाफ उडून गेली की वरून आणखी ओतायचं. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेंझची बायको बेर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइमला माहेरी निघाली, नवऱ्याला न सांगता. शंभरेक किलोमीटरचा तो प्रवास. पेट्रोलसारखं द्रव्य तिनं वाटेत औषधाच्या दुकानातून घेतलं, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. पण ते एकदोनदाच लागलं असेल. पाणी मात्र वाटेत जिथं मिळेल तिथं भरावं लागलं. जगातला तो पहिला लांबचा मोटारप्रवास म्हणजे निम्मा पाणवठ्यांचाच प्रवास होता.

डाइमलर आणि मायबाख यांनी १८८९ च्या गाडीत एक नामी युक्ती केली. गाडीचा सांगाडा पोकळ नळ्यांचा होता. त्या नळ्यांतूनच त्यांनी पाणी खेळवलं. तेच पाणी थंड होऊन परत इंजिनात. पण इंजिनाची ताकद वाढली तसा सांगाडा पुरेना. मग १८९७ च्या सुमाराला नळ्यांचा वेगळा रेडिएटर आला आणि १९०० साली मायबाखनं एमिल येलिनेक या श्रीमंत, हट्टी गिऱ्हाइकासाठी केलेल्या ३५ अश्वशक्तीच्या गाडीत मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला. सहा मिलिमीटर बाय सहा मिलिमीटरच्या चौकोनी नळ्या, एकूण ८,०७०. नळ्यांच्या आतून वारा आणि बाहेरच्या बारीक फटींतून पाणी. पूर्वी १८ लिटर पाणी लागत होतं, तिथं ९ लिटरमध्ये भागू लागलं. येलिनेकनं त्या गाडीला आपल्या मुलीचं नाव दिलं होतं, मर्सिडीज. पुढे विल्हेल्मचा मुलगा कार्ल यानं आपल्या आडनावाच्या गाड्या काढल्या, त्यांतली एक करवीरात आली.

मोटारीचं पाणी कोल्हापूरकरांनी खरं पाहिलं ते राजवाड्यात नव्हे, घाटात. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच. इथून कोकणात उतरायचं तर आंबा, करूळ, भुईबावडा, फोंडा हे घाट, पुण्याला जायचं तर खंबाटकी, निपाणीच्या पुढे तवंदी. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला गेली आणि पुढच्या काही वर्षांत लाल गाड्या या घाटांतही पोचल्या. कोकणातून वर येणारी भरलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढायची, वारा पाठीमागून असायचा आणि मध्यावर कुठंतरी बॉनेटमधून वाफेचा फवारा निघायचा. ‘गाडी तापली’ हे दोन शब्द ज्यांनी ऐकले त्यांना पुढचं माहीत आहे. प्रवासी खाली उतरणार, क्लीनर डबा घेऊन झऱ्याकडे जाणार. घाटातले पाण्याचे झरे कुठे कुठे आहेत, हे भूगोलाच्या मास्तरांपेक्षा ट्रक ड्रायव्हरला अधिक पक्कं ठाऊक असे.

रेडिएटरला बारीक भोक पडलं तर हळदीची पूड टाकायची, हाही त्याच काळातला नुस्खा. हळद पाण्याबरोबर फिरते, भोकाशी जाऊन साचते आणि गळती तात्पुरती धरते. हळदीची मोठी पेठ सांगलीला हाकेच्या अंतरावर असताना आपल्या भागात तो रुजला नसता तरच नवल! जुन्या, रुंद नळ्यांच्या रेडिएटरमध्ये असलं घरगुती औषध खपून जाई. आजच्या चपट्या, सुईच्या नेढ्यासारख्या वाटांमध्ये तीच हळद गळतीच्या आधी नळ्याच बुजवते. तेव्हा आजोबांचा हा उपाय नव्या गाडीवर कृपा करून करू नये.

पण कोल्हापूरला इंजिनाचं पाणी खऱ्या अर्थानं शिकवलं ते उसानं. विहिरीचं, नदीचं पाणी वर चढवायला तेलावरची इंजिनं लागली. सातारा रोडला कूपर यांच्या कारखान्यात १९३० च्या दशकातच डिझेल इंजिनं होऊ लागली होती. किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि १९४६ मध्ये पुण्याला खडकीत ऑइल इंजिनचा कारखाना उभा केला. या वाऱ्यात कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातले मेस्त्री मागे कसे राहतील? लेथ, भट्टी आणि डोकं एवढ्या भांडवलावर इथंही ऑइल इंजिनं बनू लागली. शेतातल्या त्या इंजिनाला रेडिएटरची गरजच नव्हती. पंपानं उपसलेल्या पाण्याची एक बारीक धार इंजिनाच्या पोटातून फिरवली की झालं. ज्या पाण्यानं ऊस भिजायचा, त्याचाच घोटभर भाग इंजिन पिऊन जायचं.

इंजिनाच्या पोटात पाण्याला वाट ठेवणं हे मात्र सोपं काम नाही. ओतीव लोखंडाच्या भिंतीत पोकळी ठेवायची तर ओतण्याआधी साच्यात वाळूचा गाभा बसवावा लागतो. लोखंड थंड झालं की ती वाळू झटकून काढायची. गाभा केसभर सरकला की एका बाजूची भिंत पातळ होते आणि इंजिन तिथंच तडकतं. ही विद्या इथल्या ओतारींच्या हातात बसली. गावोगावी वीज पोचली, विजेचे पंप आले, ऑइल इंजिनांची मागणी ओसरली, तरी ही विद्या वाया गेली नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींतल्या फाउंड्री आज मोटारींचे आणि ट्रॅक्टरचे सुटे भाग ओततात. दूरच्या गावी एखाद्याच्या ट्रॅक्टरमध्ये जे पाणी फिरतं, त्याची वाट कधी कधी कोल्हापूरच्या वाळूत ठरलेली असते.

उद्यमनगरासारख्या वस्त्यांत आणखी एक जमात होती, रेडिएटरवाल्यांची. तांब्यापितळेच्या रेडिएटरचा हा जमाना. गळका रेडिएटर आला की तोंडं बंद करून तो पाण्याच्या टाकीत बुडवायचा, आत हवा सोडायची आणि बुडबुडे कुठून येतात ते पाहायचं. मग वरची टाकी तापवून उकलायची, एकेका नळीत पातळ सळई घालून वर्षानुवर्षांचा क्षार खरवडून काढायचा आणि शिसं-कथलानं पुन्हा झाळायचं. हे काम तांबटाच्या धंद्याचंच धाकटं भावंडं. एकच रेडिएटर असा तीन-चार वेळा नवा व्हायचा आणि तरीही गाडीबरोबर म्हातारा व्हायचा. ॲम्बॅसिडर आणि प्रीमिअर पद्मिनीच्या काळात नवा रेडिएटर विकत घेणं म्हणजे उधळपट्टीच समजली जाई. या कारागिरीचं कौतुक करताना एक गोष्ट विसरायची नाही. शिशाचा धूर आणि तेजाबाची वाफ छातीत घेऊन ही माणसं काम करत होती. त्यांच्या पोरांनी दुसरा धंदा धरला असेल तर त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

तो धंदा मोडला तो धातूनं. तांबं उष्णता उत्तम नेतं, पण जड आणि महाग. त्याची घनता ८.९, ॲल्युमिनिअमची अवघी २.७. १९७० च्या दशकापासून युरोपातल्या गाड्यांत ॲल्युमिनिअमच्या नळ्या आणि काचतंतू मिसळलेल्या नायलॉनच्या टाक्या असा रेडिएटर येऊ लागला. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली आणि पुढच्या काळात आपल्याकडेही तीच वाट रुळली. प्लॅस्टिकची टाकी धातूच्या पट्टीनं दाबून बसवलेली असते. ती तडकली की झाळता येत नाही. काढा आणि नवा बसवा.

म्हणून तर आज घराच्या दारात, रविवारच्या सकाळी, थोडाफार हात चालणारा माणूस रेडिएटर बदलू शकतो. जुन्या रेडिएटरला कसब लागत होतं, नव्याला धीर लागतो. पहिला धीर म्हणजे इंजिन पूर्ण निवेपर्यंत थांबणं. रेडिएटरचं झाकण प्रेशर कुकरच्या तत्त्वावर चालतं. आत वातावरणापेक्षा साधारण एका पटीनं अधिक दाब धरला की साधं पाणीही १२० अंशांपर्यंत उकळत नाही. पण तापल्या गाडीचं झाकण उघडलं की दाब एकदम उतरतो आणि पाणी एका झटक्यात उकळून वाफेसकट तोंडावर येतं. कुकरची वाफ पूर्ण जिरेपर्यंत आपण झाकणाला हात लावत नाही, इथं मात्र घाई करतो. बॅटरीची तारही आधी काढावी, कारण काही गाड्यांत चावी काढल्यावरही पंखा आपणहून सुरू होतो.

मग खालून पाणी काढायचं, वरचा आणि खालचा होज पाइप सोडवायचा, पंख्याचं कनेक्शन, बोल्ट आणि रेडिएटर बाहेर. होज पाइप जुने असतील तर त्याच वेळी बदलावेत. बाहेरून धडधाकट दिसणारा रबर आतून कुजलेला असतो. दाबून पाहिला की कुरकुरतो किंवा लोण्यासारखा दबतो. पाइप आवळायची जी स्क्रूची पट्टी, तिला आपले मेस्त्री ज्युबिली क्लिप म्हणतात. ती १९२१ साली लम्ली रॉबिन्सन या ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्यानं पेटंट केली. शंभर वर्षं उलटली, तिच्यात बदलण्यासारखं फारसं काही निघालेलं नाही. ती फार आवळली की रबर कापतो, सैल सोडली की ठिबकतो.

नवं पाणी भरताना नळाचं किंवा बोअरचं भरायचं नाही. क्षार बसतो, ॲल्युमिनिअम गंजतं. कंपनीनं सांगितलेलं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, बहुतेक ठिकाणी निम्मं निम्मं. मग झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करायचं, आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी निघून जाऊ द्यायची आणि पातळी पुन्हा भरायची. हवा राहिली तर काटा शांत दिसतो आणि इंजिन आतल्या आत भाजतं.

आणि काढलेल्या जुन्या पाण्याचं काय? घाटातल्या झऱ्याचं पाणी रस्त्यावर सोडलं तर कुणाचं बिघडत नव्हतं. कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड आणि पोटात गेलं तर मूत्रपिंड निकामी करणारं. दारातलं कुत्रं-मांजर ते चाटतं, लहान मूल रंग पाहून बोट घालतं. गटारात ओतलं तर ते नाल्यांवाटे पंचगंगेकडे जातं आणि पंचगंगेच्या पदरी आधीच काय काय आहे हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. बंद डब्यात भरून गॅरेजमध्ये नेऊन द्यावं. मेस्त्रीनं कपाळाला आठ्या घातल्या तरी.

राहिला तो जुना रेडिएटर. तांब्यापितळेचा असता तर भंगारवाल्यानं दारातच काटा काढला असता, दोन शब्द घासाघीस झाली असती आणि बऱ्यापैकी पैसे हातात पडले असते. आताचा तो एका हातात उचलून पाहतो, टाक्या प्लॅस्टिकच्या आहेत म्हणून तेवढं वजन कापतो आणि पाठीवरच्या पोत्यात टाकतो.