पाला रानात, काड्या गोठ्यात



मागच्या मार्चात मेथीघास (कुणी लसूणघास म्हणतं) जनावरांना पुरून उरला, म्हणून वाळवायला घातला. भर दुपारी, चांगला कडकडीत झाला बघून दाताळ्यानं गोळा केला. गोठ्यात आल्या त्या नुसत्या काड्या, पाला सगळा रानात. घासातलं निम्म्याहून जास्त प्रथिन पाल्यात असतं. म्हणजे माल रानात टाकून मी बारदान घरी आणलं! ही चूक आपल्या आधी कोणी केली का, ते वाचत बसलो.

गोष्ट लई जुनी निघाली. घास मूळचा इराणकडचा. इराणच्या दरायस राजाच्या स्वाऱ्यांबरोबर तो ग्रीसमध्ये आला, असं प्लिनी हा रोमन लेखक सांगतो. तिकडच्या मीड लोकांवरून रोमन त्याला ‘मेदिका’ म्हणत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोलुमेला नावाचा एक लेखक होऊन गेला. तो स्वतः शेती करायचा. त्यानं लिहिलंय, एकदा पेरला की घास दहा वर्षं टिकतो आणि वर्षाला चार-सहा कापण्या देतो. वाळल्या गवताचंही माप सांगतो: फार वाळलं तर रस जाऊन काड होतं, ओलं राहिलं तर माळ्यावर कुजतं, तापतं आणि पेट घेतं. दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस! त्याच्याही आधी व्हर्जिल कवीनं कोरडी कुरणं रात्री कापायला सांगितली होती, कारण रात्री ओल असते.

पुढं अरबांकडून घास स्पेनमध्ये गेला. अल्फाल्फा हे नावही अरबीवरूनच आलं. स्पॅनिश लोकांनी तो दक्षिण अमेरिकेत नेला आणि १८५० च्या सुमारास, सोन्यासाठी झुंबड उडाली तेव्हा, चिलीहून कॅलिफोर्नियात पोचला. कोरडी हवा आणि पाटाचं पाणी त्याला मानवलं. पण तीच कोरडी हवा वाळवताना वैरी झाली.

कारण असं की, हिरव्या घासात शंभरात ७५-८० भाग पाणी. पाला लवकर वाळतो, दांडा मागं राहतो. दांड्यासाठी थांबावं तर पाल्याचा चुरा होतो. दुसऱ्या महायुद्धानंतर कापतानाच दांडा रुळात चेपणारी यंत्रं पसरली, त्यानं दोघांतलं अंतर कमी झालं. तरी वाळवंटी भागात दुपारी बेलर घातला की पाला झडतोच. म्हणून तिथले शेतकरी आधी दांडा पुरता वाळू देतात, मग रात्री दव पडून पाला मऊ झाला की गठ्ठे बांधतात. कधी मध्यरात्री, कधी पहाटे, आणि तेही थोडेच तास. दव पडलंच नाही तर घास रानात पडून, आणि तो उचलल्याशिवाय पुढचं पाणी देता येत नाही. याला कंटाळून युटा राज्यात बेलरच्या पुढं वाफेचा बॉयलर जोडायची युक्ती निघाली. पाण्याची वाफ करून पाला मऊ करायचा, दवाची वाट बघायची नाही.

यातलं मला न कळलेलं एकच होतं. ओल दोन प्रकारची. दवाची ओल पाल्यावर वरवर असते, दांड्यातली आत कोंडलेली. गठ्ठा तापवते ती मुख्यतः आतली. एकूण ओल शंभरात १८-२० च्या वर असेल तर लहान गठ्ठाही बांधू नये, मोठ्या गठ्ठ्याला त्याहून कमी लागते. ओलमापक नसेल तर दांडा नखानं खरवडायचा. साल सुटून आली तर आत पाणी आहे, वर पाला कितीही खुळखुळू दे.

यंदा दिवसभर दांडा बघतो आणि दाताळं पहाटे साडेपाचला हातात घेतो. वारं सुटलेल्या रात्री दव पडत नाही, त्या सकाळी घासाला हात लावत नाही. घरचे म्हणतात, चोरासारखं अंधारात काय करता.