गिव्ह अप, पुट ऑफ वगैरे वगैरे...

मराठी माध्यमातून शिकून आयटीत आलेल्या कुणालाही विचारा, इंग्रजीत सगळ्यात जास्त छळतं काय? ग्रामर नाही, ते आपण परीक्षेपुरतं का होईना घोटलेलं असतं. छळतात ते चिल्लर शब्द. अप, ऑफ, आउट, ऑन, इन. 'पुट' म्हणजे ठेवणे, इथवर ठीक. पण 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे, 'पुट आउट' म्हणजे विझवणे आणि 'पुट अप विथ' म्हणजे चक्क सहन करणे! ह्यात ठेवलं कुठे काय?

आणखी एक नमुना बघा. अलार्म 'गोज ऑफ' म्हणजे वाजतो. दिवा 'गोज ऑफ' म्हणजे विझतो. आणि ब्रिटिश माणसाच्या फ्रिजमधलं दूध 'गोज ऑफ' म्हणजे नासतं. म्हणजे एकच क्रियापद, तेही तीन तऱ्हांनी.

ह्यांना फ्रेझल व्हर्ब्ज म्हणतात. शाळेत ह्यांच्या याद्या पाठ करून घेतात, पण याद्यांमागचा इतिहास कुणी सांगत नाही. तो कळला की निम्मा राग शांत होतो. म्हणून आजचा हा लेख.

सुरुवात आपल्या घरातूनच करू. संस्कृतमध्ये 'हृ' हा धातू. त्याला उपसर्ग लागले की आहार, विहार, प्रहार, संहार. जेवणापासून थेट सर्वनाशापर्यंत! वेदांच्या भाषेत तर हे उपसर्ग क्रियापदापासून सुटे होऊन वाक्यात दुसरीकडेही बसायचे. नंतरच्या संस्कृतात ते धातूच्या पुढ्यात कायमचे चिकटले. इंग्रजी ही त्याच मोठ्या भाषाकुळातली. जुन्या इंग्रजीतही असे तुकडे क्रियापदाच्या आधी लागत. 'अंडरस्टँड', 'ओव्हरकम', 'विथस्टँड' हे त्यातले टिकून राहिलेले. ('विथ'चा जुना अर्थ 'विरुद्ध', म्हणून विथस्टँड म्हणजे विरोधात उभं राहणं.)

मग हे तुकडे क्रियापदाच्या मागे कसे गेले? इ.स. ८६५ मध्ये डेन लोकांची मोठी फौज इंग्लंडात उतरली आणि त्यातले पुष्कळ जण तिथेच शेती करून राहिले. त्यांच्या नॉर्स भाषेत हे तुकडे क्रियापदानंतर यायचे. आजच्या 'गिव्ह अप'सारखाच त्यांच्याकडे 'गेफा उप्प' होता. 'टेक', 'गेट', 'कॉल' ही क्रियापदं त्यांचीच देणगी. इंग्रजी आधीच त्या वळणावर होती, शेजाऱ्यांनी धक्का दिला असं म्हणू. पीटरबरो इथल्या मठात ११५४ पर्यंत लिहिल्या गेलेल्या बखरीत अशा जोड्या दिसू लागतात.

पण तोवर दुसरीच भानगड झाली होती. १०६६ मध्ये नॉर्मन राजा आला. दरबारात फ्रेंच, चर्चमध्ये लॅटिन आणि शेतात, चुलीपाशी इंग्रजी. पुढे लिहिणाऱ्यांनी लॅटिन-फ्रेंच शब्द पोत्यानं आणले आणि इंग्रजीचं दुमजली घर झालं. वरच्या मजल्यावर एक्स्टिंग्विश, पोस्टपोन, टॉलरेट, इन्व्हेस्टिगेट. खालच्या मजल्यावर पुट आउट, पुट ऑफ, पुट अप विथ, लुक इंटू. अर्थ जवळपास तेच, पण वरचे शब्द कागदावरचे आणि खालचे तोंडातले.

आता खरा प्रश्न. आपल्याला ह्यातला कुठला मजला मिळाला? अर्थात वरचा. आपल्याकडे इंग्रजी आली ती कचेरी, कोर्ट आणि कॉलेजसाठी. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. आपण शिकलो ते अर्जाचं आणि निबंधाचं इंग्रजी. इंग्रज आई पोराला 'हरी अप, ईट अप' म्हणते ते आपल्या कानावर पडलंच नाही. म्हणून 'पोस्टपोन'च्या उलट शब्द हवा झाला तेव्हा 'ब्रिंग फॉरवर्ड' आपल्याला सुचलं नाही, आपण सरळ 'प्रीपोन' वापरायला लागलो. वरच्या मजल्याच्या नियमानं अगदी बरोबर! :-)

'पास आउट'चंही तसंच. खडकवासल्याच्या एनडीएत पासिंग आउट परेड होते, ती ब्रिटिश लष्करी पद्धत. तोच शब्द आपण कॉलेजला लावला. अमेरिकन माणसाला मात्र वाटतं की हा पदवी घेताना चक्कर येऊन पडला.

हा गोंधळ फक्त आपलाच नाही. डॉ. सॅम्युअल जॉन्सननं १७५५ च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेत कबूल केलंय की परदेशी माणसाला सगळ्यात जड जातात ती हीच क्रियापदं. १९३० मध्ये सी. के. ऑग्डेननं फक्त ८५० शब्दांचं 'बेसिक इंग्लिश' काढलं. त्यात क्रियापदं किती? अठरा! कसं जमवलं? 'गेट', 'पुट', 'टेक'ला अप-ऑफ-आउट जोडून. आमच्या भाषेत सांगायचं तर फाइल झिप केली आणि साइज कमी झाली म्हणून टाळ्या घेतल्या. अनझिप करायचं काम शिकणाऱ्याच्या डोक्यावर. उलट विमानांच्या मेंटेनन्स मॅन्युअलसाठी १९८०च्या दशकात जे 'सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश' तयार झालं, त्यात फ्रेझल व्हर्ब्ज बनवू नका असा नियमच आहे. तिथे मेकॅनिकनं चुकीचा अर्थ काढला तर परवडणारं नाही.

आमच्याकडे विमानं पडत नाहीत, पण माणसं पडतात. टीममध्ये एक हुशार मुलगा होता. कॉलवर क्लायंट म्हणाला की शुक्रवारचा डेमो 'कॉल ऑफ' करू, म्हणजे रद्द. ह्यानं मिनिट्समध्ये लिहिलं, 'क्लायंट शुक्रवारी कॉल करणार'. सगळे हसले. त्यानंतर तो कॉलवर बोलेनासाच झाला आणि अप्रेझलमध्ये शेरा आला, 'कम्युनिकेशन सुधारा'. दोनशे पानांचं स्पेसिफिकेशन एका बैठकीत वाचणारा मुलगा होता हो तो! त्याची इंग्रजी कच्ची नव्हती. त्याला घराचा एकच मजला दाखवला गेला होता.

खरं तर ही युक्ती आपल्या तोंडात जन्मापासून आहे. 'पत्र लिहून टाकलं', 'लिहून दिलं', 'लिहून घेतलं', 'भलतंच लिहून बसला'. परदेशी माणूस विचारेल, टाकलं कुठे? बसला कशावर? आपण काय सांगणार! 'खाऊन टाक' आणि 'ईट अप' हे तर सख्खे भाऊ. 'टाकणे'मधलं फेकणं जसं विरून गेलं आणि 'पूर्ण करणं' उरलं, तसंच 'अप'मधलं वर जाणं विरलं आणि 'पूर्ण' उरलं. यूज अप, फिनिश अप, ड्रिंक अप, सगळीकडे तेच.

आणि 'टाकणे, देणे, बसणे'ची यादी आपल्याला कुणी पाठ करायला दिली नव्हती. आई कधी, कुणाला, कुठल्या सुरात 'खाऊन टाक' म्हणते ते ऐकून आलं. म्हणून नव्यानं लागलेल्या मुलांना मी सांगतो, यादी ठेवा बाजूला. कॉलवर ऐकलेलं अख्खं वाक्य लिहून ठेवा, कोण कशाबद्दल बोलत होतं त्यासकट. आणि अर्थ लागला नाही तर तिथल्या तिथे विचारा. जॉन्सनसाहेबांनी अडीचशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय की हे अवघड आहे, मग आपण कशाला लाजायचं?